फौजदाराच्या गळ्यातलं इलॅस्टिक

आमच्या आत्याशी बोलायचं तर दोन पथ्यं पाळावी लागायची. बोलणं आटोपशीर ठेवायचं, आणि तिने मान वर करून आपल्याकडे बघावं अशी आशा धरायची नाही. आत्या शाळांचे गणवेश शिवते. पाय पायडलवर, डोळे सुईवर, दोन्ही हात कापडावर. गिऱ्हाईक येवो, पाहुणा येवो की तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे वडील येवोत, मशीन थांबायचं नाही. एक भुवई वर जायची, तिचा अर्थ ‘बसा’ असा घ्यायचा. आतोबा वारले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांसमोरही ती कुणाच्या तरी पोराची अर्धवट राहिलेली चड्डी पुरी करत बसली होती. नातेवाइकांनी मनसोक्त नावं ठेवली. आत्याचं त्यावर एवढंच म्हणणं होतं, की मशीन चालू असलं की माणसं थोडक्यात बोलतात.

हे ऐकीव. माझा स्वतःचा अनुभव अलीकडचा. कॉलेज संपलं, नोकरीला माझा पत्ता अजून सापडलेला नाही, आणि वडिलांनी रोज माझं तोंड बघण्यापेक्षा मी आत्याकडे राहून परीक्षांचा अभ्यास करावा असं घरात ठरलं. आत्याचा कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. पुढचं दार रस्त्यावर, मागचं बोळात, आणि बोळापलीकडे पुरुषभर उंचीची भिंत. पुढच्या दाराशी कापायचं टेबल. मागच्या दाराशी आत्याचं मशीन, कारण उजेड तिथे चांगला. तिच्या डाव्या हाताला स्टुलावर काजमावशी. ती काजं करते, बटणं लावते आणि उरलेल्या वेळात जगाची काळजी वाहते. वयाने आत्यापेक्षा बरीच मोठी, पण आत्याला ताई म्हणते, कारण पगार ताई देते. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसतो. पान उलटलं की काजमावशी कौतुकाने बघते, म्हणून अधूनमधून उलटतो.

आता गाठीबद्दल. चड्ड्यांच्या आणि स्कर्टांच्या कमरेला इलॅस्टिक भरतात. गुंडाळी संपत आली की हातभर तुकडा उरतो, तो कमरेला पुरत नाही. दुसरा शिंपी तो फेकून देईल. आत्या त्याची दोन टोकं बांधून कडं करते आणि तयार कपड्यांचे गठ्ठे त्या कड्याने आवळते. कडं बांधायची तिची स्वतःची एक गाठ आहे. मारताना बोटं दिसत नाहीत, आणि एकदा बसली की सुटत नाही. कापावीच लागते. ज्याच्या दुकानासाठी हे सगळं शिवलं जातं तो कापडदुकानदार चारचौघांत सांगायचा, लग्नाच्या गाठी सुटतील, ताईंची नाही सुटणार. आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण त्या दिवशी चहा दोनदा व्हायचा. वापरून सैल पडलेली कडी मात्र चिंध्यांच्या पोत्यात जायची, आणि पोतं मागच्या दाराबाहेर बोळात पडून असायचं.

त्या पोत्यात एक बोका झोपायचा.

मांजरं पाळलेली असतात, नाहीतर मोकाट असतात. हा तिसऱ्या वर्गातला होता. राखाडी, रुंद जबड्याचा, अर्धा कान कुठल्यातरी जुन्या भानगडीत गमावलेला, चांगला पोक्त. माणूस ही जातच त्याला मंजूर नव्हती. काजमावशीने त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं, कारण भिंतीवर यायचा, चौकशीला आल्यासारखा प्रत्येकाकडे बघायचा आणि अवाक्षर न काढता निघून जायचा. कुणी बोळात एक पाऊल टाकलं की भिंत रिकामी. दूध ठेवा, हाक मारा, चुचकारा, काही उपयोग नाही. आत्याने यातलं काहीच कधी केलं नव्हतं. तिचं आणि त्याचं नातं म्हणजे ती शिवायची आणि तो भिंतीवरून बघायचा, इतकंच.

शाळा उघडायचे दिवस जवळ आले होते आणि खोलीत कापडाला जागा उरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी फौजदार भिंतीवर आला तो छातीवर आडवी पट्टी घालून. शाळेतलं पोर पाण्याची बाटली तिरकी अडकवतं ना, तसा. मी हसलो. काजमावशी म्हणाली, फौजदारांना पट्टा मिळाला, बढती झाली वाटतं. आत्याने क्षणभर मान वर केली आणि परत खाली घातली.

मग मी एक गोष्ट पाहिली जी आधी कधी पाहिली नव्हती. तिची शिवण वाकडी गेली. चांगली बोटभर वाकडी, शाळकरी पोराच्या अक्षरासारखी. तिने मशीन थांबवलं नाही, तुकडा शेवटपर्यंत नेला, मग बाजूला ठेवला आणि म्हणाली, “माझी गाठ आहे ती.”

आम्ही दोघं पुन्हा नीट बघायला लागलो. पोत्यात झोपताना त्याचं डोकं कड्यातून गेलं होतं, सोडवायच्या खटपटीत एक पुढचा पायही आत गेला होता. आता ते कडं मानेवरून येऊन काखेखालून जात होतं. प्रत्येक पावलाला घासत होतं. गळ्याजवळचे केस ओले दिसत होते, आणि ते पाण्याने ओले नव्हते.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा उंदरांचा प्रश्न. गळ्यातलं सोडवायचं कुणी, हा आमच्यापुढे आला. उंदीर निदान सभा तरी घेतात. काजमावशीने सभा न घेताच गोणपाट उचललं आणि बोळात गेली. परत आली तेव्हा गोणपाट होतं, मनगटावर तीन ओरखडे होते आणि फौजदारांच्या खानदानाबद्दल तिच्याकडे बरीच नवी माहिती होती.

मग आत्याने मला जनावरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी आपला पिंजरा दिला आणि लावायचा कसा तेही समजावून सांगितलं. आम्ही खाटकाकडून कलेजी आणली, आत ठेवली, पिंजरा बोळात मांडला. फौजदार भुकेला असणार, कारण फार वेळ न घेता आत गेला. झडप पडली.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. तो तारांवर चारी पायांनी आदळत होता. आदळता आदळता कड्याचा मानेवरचा भाग तारेच्या एका वाकड्या टोकात अडकला, आणि तो जितका फिरला तितकं ते पिळत गेलं. ओरडणं मधेच बंद झालं. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. काजमावशीने डोळ्यांवर पदर घेतला. मी पिंजऱ्याभोवती नुसताच नाचत होतो. आत्या आली, खाली बसली, तारेतून दोन बोटं घालून तिने अडकलेलं इलॅस्टिक टोकावरून काढलं आणि दुसऱ्या हाताने झडप उचलली. तो कुठे गेला ते कुणालाच दिसलं नाही. पिंजऱ्याच्या तळाला केस होते आणि रक्त होतं.

डॉक्टरांनी पिंजरा परत घेतला आणि चूक कुणाची हे विचारत बसले नाहीत. पुन्हा पिंजरा नको म्हणाले, एकदा वाचला, दुसऱ्यांदा गळफास लागेल. लांबून इंजेक्शन मारायची बंदूक त्यांच्याकडे नव्हती, आणि असती तरी भिंतीवरच्या बोक्याला लागेल अशी खात्री त्यांनी दिली नसती. जखम चिघळू नये म्हणून खाण्यात मिसळायची पूड दिली. आत्या बोलायला फारशी कुठे जात नाही, पण त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. तिने विचारलं, मग कापायचं कुणी?

“ज्याला तो जवळ येऊ देईल त्याने,” डॉक्टर म्हणाले. “एकदा कापलं की ताण जाईल, उरलेलं तो स्वतःच ओढून काढील. पण ओढाताण नको.”

“आणि जवळ येऊ देईपर्यंत?”

“तेवढे दिवस त्याच्याकडे आहेत का, ते मला सांगता येणार नाही, ताई. काखेत शिरलं की पाय निकामी होतो. त्यानंतर फार वेळ नसतो.”

घाई केली तर मरणार, उशीर केला तरी मरणार. घरी येऊन आत्याने चिंध्यांचं पोतं आत ओढलं, जमिनीवर उलटं केलं आणि बसून एकेक कडं शोधून कापत राहिली. आम्ही मदतीला बसलो तर म्हणाली, राहू द्या, माझ्या गाठी आहेत.

फौजदार काही दिवस दिसलाच नाही. वाटी बोळात ठेवली जायची, सकाळी रिकामी असायची; पण बोळात उंदीर होते, कावळे होते, त्यामुळे रिकाम्या वाटीवरून काही ठरवता येत नव्हतं. मग एका दुपारी भिंतीवर अर्धा कान दिसला. खाली उतरताना तो तीन पायांवर उतरला.

त्या दिवसापासून आम्ही तिघं त्याला पटवायला लागलो, आणि एकाचंही त्याने ऐकलं नाही. काजमावशी दाराशी बसून त्याला बाळा, राजा म्हणायची. त्याला तिचं गोणपाट आठवत असावं. मी तर उठायच्या आतच ओळखला जायचो. शेवटी आत्याने जे केलं ते बघून काजमावशीची सुई हवेत राहिली. आत्याने मशीन थांबवलं. भर दुपारी, शाळा तोंडावर आलेल्या असताना. हात मांडीवर ठेवले आणि अगदी मायेने, म्हणजे तिला जमेल तितक्या मायेने, त्याच्याकडे बघत बसली. तो वाटीपासून दोन हातांवर होता. त्याने मान वर केली, थांबलेल्या मशीनकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि गेला.

असं पुन्हा पुन्हा झालं. तिकडे दुकानदाराचे निरोपावर निरोप. आत्याने एक दिवस नाद सोडला आणि थकलेलं काम काढून बसली. मशीन नेहमीच्या लयीत चालू झालं. मी पान उलटायला मान वर केली तर फौजदार उंबऱ्यावर. उंबऱ्यावर! आत्याला दिसावा म्हणून मी खाकरलो. तिने पाय थांबवला, आणि उंबरा रिकामा.

 मग तिने पाय पुन्हा सुरू केला आणि मान वर न करता म्हणाली, “माझे हात कामात असले की तो येतो.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा प्राणी वर्षानुवर्षं भिंतीवरून एकच गोष्ट बघत आला होता. हा आवाज चालू असला की ही बाई उठत नाही, बघत नाही, हात पुढे करत नाही. आवाज थांबला की माणसं उठतात. आत्यावर त्याचा विश्वास नव्हताच. मशीनवर होता.

मग कारखान्याला नवा कायदा लागू झाला. फौजदार दिसला की कुणी काही थांबवायचं नाही. काजमावशीने हातातलं काज करत राहायचं, मी पुस्तकात बघायचं, त्याच्याकडे नाही. त्या काळात माझा जेवढा अभ्यास झाला तेवढा आधी कधी झाला नव्हता. वाटी बोळातून उंबऱ्यावर आली, उंबऱ्यावरून आत, मग मशीनच्या पायाशी. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. हा डोळे उघडे ठेवून खायचा, एक डोळा वाटीत, एक आत्याच्या कोपरावर. पायडलच्या उजव्या बाजूला आत्याने एक टोपली ठेवली, तीत मऊ कातरण. पुष्कळ हुंगून, दोनदा बाहेर जाऊन येऊन, तो एका दुपारी तीत बसला. मशीन गडगडत होतं आणि आत्याच्या घोट्यापासून वीतभर अंतरावर तो बसला होता. आता त्याचा वासही यायला लागला होता. कुजल्याचा. तो जसा जवळ येत होता तसा तो वास वाढत होता, आणि आम्हाला आनंद करावा की काय करावं ते कळत नव्हतं.

नेमका त्याच सुमारास दुकानदार आला. पुढचं दार ढकललं ते भिंतीवर आपटलं, आणि त्याने ताई म्हणून जी हाक मारली ती पुढच्या चौकापर्यंत गेली असणार. टोपली उडाली, वाटी उलटली. जाताना फौजदाराचा तो पाय दाराच्या चौकटीवर आदळला आणि तो असा ओरडला की दुकानदार दोन पावलं मागे सरला. मांजर पाळलंत का ताई, त्याने विचारलं.

“तपासणी चालू आहे,” आत्या म्हणाली. “उभे राहू नका. माल परवा.”

त्याने तोंड उघडलं, मशीनचा आवाज ऐकला आणि मिटलं. थोडक्यात बोलण्याची त्याला सवय होती.

फौजदार परत यायला बरेच दिवस लागले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. तो दुसऱ्याच दिवशी आला. काजमावशीला ते चांगलं लक्षण वाटलं. आत्याला वाटलं नाही. त्याच्यात पळायचं बळ उरलं नाही, ती म्हणाली.

आता अडचण अशी, की आवाज हवा तर हात कामात हवेत, आणि कापायचं तर हात मोकळा हवा. मी सुचवलं, कापडाशिवाय नुसतंच मशीन चालव, पाय तर मोकळेच आहेत. सूचना मला फारच हुशारीची वाटली होती. आत्याने करून बघितलं. रिकामं मशीन खडखडलं, आणि टोपलीतला अर्धा कान लगेच आमच्याकडे वळला. सुईखाली कापड असतानाचा आवाज आणि रिकामा आवाज यातला फरक मला इतके दिवस तिथे बसून कळला नव्हता. त्याला कळत होता. मी पान उलटलं.

आत्या एका हाताने शिवायला शिकली. गणवेशाच्या कमरपट्ट्यांसाठी कापलेल्या पांढऱ्या पट्ट्या काजमावशीने टोकाला टोक जोडून एक लांबच लांब पट्टी केली, बँडेजसारखी गुंडाळून मांडीवर घेतली आणि ती डावीकडून सोडत राहायची. आत्या डाव्या हाताने ती सुईखालून न्यायची नाही, नुसती वळवायची. ओढायचं काम मशीनचे दात करत. उजवा हात खाली सोडलेला. नुसताच. पहिल्या दिवशी त्या लोंबत्या हाताकडे बघून तो टोपलीतून उतरला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी टोपलीतच राहिला. मग एकदा त्याने बोटं हुंगली. मग बोटांची मागची बाजू त्याच्या पाठीला लागली आणि तो ताठ झाला, पण उठला नाही. आत्याच्या कपाळावर घाम होता. पायाची लय तीच.

त्यानंतरच्या दुपारी त्याने वाटीला तोंड लावलं नाही. सरळ टोपलीत येऊन पडला. बरगड्या भराभर हलत होत्या.

आत्या म्हणाली, “आज.”

मला पुढच्या दाराच्या आत, दाराला पाठ लावून उभं केलं. दुकानदार, पोस्टमन, देव, कुणीही आला तरी दार उघडायचं नाही. आयुष्यातली माझी पहिली जबाबदारीची जागा. तिथून मला सगळं दिसत होतं. आत्याच्या उजव्या मुठीत शिवण उसवायचं हत्यार होतं. काडीएवढं असतं ते. टोकाला दोन फाटे, एक टोकदार, दुसऱ्यावर लाल मणी, आणि मधल्या बेचक्यात धार. मण्याचा फाटा खालून सरकवला तर कातडीला लागत नाही.

मशीन चालू झालं. पट्टी सुईखालून मागे पडायला लागली. हात खाली गेला. बोटांची मागची बाजू पाठीवर, तशीच, रोजच्यासारखी. मग मूठ किंचित उघडली. खांद्यांच्या मधे इलॅस्टिक केसांवर थोडं उचललेलं होतं, तेवढ्याच जागेत फाटा जायला हवा होता. तो घसरला. फौजदाराने डोकं उचललं. आत्या सुईकडे बघत होती. तिला दिसत नव्हतंच, ती सगळं बोटांनी करत होती. डोकं पुन्हा खाली गेलं.

मी काजमावशीकडे बघितलं. तिच्या मांडीवरची गुंडाळी संपत आली होती. पट्टी संपली की मशीन खडखडणार. खडखडलं की तो उठणार, आणि फाटा त्या वेळी जर आत असला, तर ती धार कुठे जाईल ते सांगायला नको. काजमावशीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. माझ्याकडून काय मदत होणार होती ते दोघांनाही माहीत होतं.

मग तिने ते केलं, जे तीच करू शकत होती. तिच्या पदराला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असते. मशीनच्या मागे शिवून पडलेली पट्टी तिने हळूच डावीकडून ओढून घेतली, तिचं पहिलं टोक शोधलं आणि हातातल्या शेवटच्या टोकाला लावून टाके घालायला लागली. पट्टी पुढे सरकत होती, ती तिच्याबरोबर वाकत होती. शेवटचा टाका पडला तेव्हा जोड सुईपासून चार बोटांवर होता. तो सुईखालून गेला, आवाज जरासा जाडावला आणि पुन्हा नेहमीसारखा झाला. आता पट्टीला शेवट नव्हता. तिचंही कडं झालं होतं.

आत्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने फाटा पुन्हा खाली नेला. या वेळी तो आत गेला. मला फक्त तिचा अंगठा हललेला दिसला.

ताणलेलं इलॅस्टिक तुटलं की चाबकासारखा आवाज येतो. फौजदार जागच्या जागी वळला आणि त्याने तिचा हात तोंडात धरला. नुसता ओरबाडला नाही, धरला. आत्याने हात ओढला नाही. पायही थांबवला नाही. तो केव्हातरी सुटला आणि दारातून गेला, टोपली मागे हलत राहिली. आत्याने उजवा हात वर घेऊन सवयीने कापडावर ठेवला. पांढऱ्या पट्टीवर लाल डाग पडला, सुईखालून मागे गेला, फिरून काजमावशीच्या हातातून पुढे आला, पुन्हा सुईखालून गेला. पुन्हा आला.

“ताई,” काजमावशी म्हणाली, “गेला तो. थांबा आता.”

तेव्हा मशीन थांबलं.

हात शिवून आणला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना आत्याने टाक्यांतलं अंतर फार ठेवलंत असं ऐकवलं. इंजेक्शनं झाली, मनगटापर्यंत पट्टी बांधली, आणि काम करायचं नाही अशी ताकीद मिळाली. राहिलेले गणवेश दुकानदाराने दुसरीकडून शिवून घेतले आणि आल्यागेल्याला सांगितलं, की ताईंचं मशीन बंद आहे, एका मांजरापायी. काजमावशी हाताने काजं करायची. मशीनवर कापड पांघरलेलं होतं. खोली इतकी शांत झाली की मला पान उलटायचीही लाज वाटायची.

फौजदार आला नाही. वाटी भरून ठेवायची, बघायची, भरून ठेवायची. आत्या मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची. त्याला आपण फसवलं, एवढंच एकदा म्हणाली. ज्या आवाजावर तो आला त्याच आवाजात हात टाकला. मी म्हटलं, त्याचा जीव वाचला असेल की. ती म्हणाली, असेल.

मग एका सकाळी काजमावशीला बोळात भिंतीच्या कडेला ते सापडलं. चावून, ओढून काढलेलं, वाळून कडक झालेलं इलॅस्टिक. तुटलेलं एका जागी होतं. गाठ जशीच्या तशी होती. आत्याने ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली आणि चिंध्यांच्या पोत्यात न टाकता चुलीत टाकली.

त्याच दुपारी तो भिंतीवर दिसला. वाळला होता, छातीवर केस गेलेला आडवा पट्टा होता, पण चार पायांवर होता. उतरला, उंबऱ्यापर्यंत आला, शांत खोलीत बघितलं. आत्याचे दोन्ही हात, एक मोकळा आणि एक बांधलेला, खुर्चीच्या हातांवर होते. ते बघून त्याने वाटीला तोंड लावलं. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी टोपलीपर्यंत.

टाके निघाले, कापड निघालं, आत्या मशीनवर बसली. चाकाला हात लावून पाय दाबला मात्र, फौजदार टोपलीतून जो उडाला तो भिंतीपलीकडे. आत्याने पाय थांबवला. थोड्या वेळाने भिंतीवर अर्धा कान आला. तिने पाय दाबला, कान गेला. त्याने हिशेब बदलला होता. आता त्याच्या लेखी हात दिसले पाहिजेत, आणि तो आवाज नको.

हे आत्याला मी समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून दुपारचा काही वेळ आमच्याकडे मशीन बंद असतं. आत्या दोन्ही हात मशीनच्या फळीवर उताणे ठेवून बसते, दाखवल्यासारखे. बसायला तिला अजून येत नाही. पाटावर बसवलेल्या नवऱ्या मुलासारखी अवघडलेली असते. आणि मशीन बंद असल्यामुळे माणसं बोलतात. काजमावशीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या सुनेची हकीकत अथपासून इतिपर्यंत सांगितली, आणि आत्याला ऐकावी लागली. माझे वडील आले, तेही बसले, आणि आतोबांचा विषय निघाला. आत्या बोलली. फार नाही. एकदा तर तिने मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, परीक्षेचं काय झालं रे तुझ्या. मी मागच्या दाराकडे बघितलं. फौजदाराची बाजू मला त्या क्षणी पूर्ण पटली.

परवा दुकानदार आला. या वेळी दार हळू ढकललं, तेवढं तो शिकलाय. आत्या रिकामी बसलेली बघून त्याचा चेहराच उतरला. बरं नाही का, त्याने विचारलं, मशीन का बंद?

आत्याने हात न हलवता डोळ्यांनी खाली दाखवलं. टोपली रिकामी होती. फौजदार पायडलवर होता, आडवा, सगळी जागा व्यापून, पाठ आत्याच्या घोट्याला टेकवून. डोळे मिटलेले होते.

“तपासणी चालू आहे,” आत्या अगदी हळू म्हणाली. “बसा ना. घरचे कसे आहेत?”